विश्लेषण : मुंबई सिटीने विजेता संघ स्वतःच मोडला का? चाहत्यांची नाराजी कितपत रास्त?

इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) २०२४-२५ हंगामावर १२ एप्रिलला पडदा पडला. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागान सुपर जायंटने बंगळुरू एफसीला अतिरिक्त वेळेत २-१ असे नमवून शील्डपाठोपाठ चषकही पटकावला. जेमतेम ११ महिन्यांपूर्वी याच मैदानावर मुंबई सिटी एफसीने याच मोहन बागानला ३-१ असे हरवून चषक उंचावला होता. यंदा अंतिम सामन्यात मुंबई नव्हती, पण मुंबईची माणसे होती. अलीकडच्या हंगामांत मुंबईची निळी जर्सी घालून खेळलेले किमान पाच खेळाडू या दोन संघांच्या ताफ्यात होते. मोहन बागानकडे अपुइया आणि ग्रेग स्टुअर्ट, तर बंगळुरूकडे राहुल भेके, अल्बर्टो नोगुएरा आणि होर्हे पेरेरा डियाझ. मुंबई सिटीच्या चाहत्यांचा राग नेमका इथेच आहे.

यंदाच्या हंगामात काय घडले?

मुंबईने २४ सामन्यांत नऊ विजय, नऊ बरोबरी आणि सहा पराभव अशी कामगिरी करत ३६ गुणांसह सहावे स्थान मिळवले. म्हणजे बाद फेरीचे शेवटचे तिकीट. तेही अखेरच्या साखळी सामन्यात. ११ मार्चला बंगळुरूत किमान एक गुण आवश्यक होता. मुंबईने तो सामना २-० असा जिंकला आणि ओडिशा एफसी बाहेर गेला.

त्या रात्री चाहत्यांना वाटले, गाडी रुळावर आली. १८ दिवसांनी त्याच मैदानावर, त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध बाद फेरीचा सामना झाला आणि मुंबई ०-५ अशी हरली. आयएसएलच्या या हंगामात पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत जात. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांना एकच सामना मिळे आणि तो वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरी होई. परतीचा सामना नाही, सावरायला वाव नाही. बंगळुरूने सुरुवातीलाच आघाडी घेतली आणि मग सामना मुंबईच्या हातात आलाच नाही. पाचवा गोल केला पेरेरा डियाझने. वर्षभरापूर्वी अंतिम सामन्यात मुंबईला बरोबरी साधून देणारा गोल त्याचाच होता.

चाहत्यांचे म्हणणे काय?

अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरिनात नियमित येणाऱ्या, ‘आमची सिटी’ म्हणत घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या चाहत्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, संघ हरला याचे दुःख नाही, संघ उरलाच नाही याचे आहे. त्यांच्या लेखी ही पडझड एका उन्हाळ्यातली नव्हे. २०२२-२३ मध्ये देस बकिंगहॅम यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने सलग १८ सामने अपराजित राहून शील्ड जिंकली. त्यानंतर अहमद जाहू आणि मुर्तदा फॉल ओडिशाला गेले. २०२३-२४ च्या मध्यावर स्टुअर्टने क्लब सोडला. त्याच सुमारास बकिंगहॅमही इंग्लंडमधील ऑक्सफर्ड युनायटेडकडे रवाना झाले. तरीही नवे प्रशिक्षक पीटर क्राट्की यांनी उरलेल्या खेळाडूंना घेऊन चषक जिंकला. मग २०२४ च्या उन्हाळ्यात डियाझ, नोगुएरा, भेके आणि अपुइया असे चौघे एकदमच गेले.

यातले भेकेचे जाणे अनेकांच्या जिव्हारी लागले. भेके मुंबईचा, मराठी खेळाडू. मे २०२४ मध्ये चषक स्वीकारणारा कर्णधार तोच. एप्रिल २०२२ मध्ये रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबवर मुंबईने २-१ असा विजय मिळवला होता. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. त्या सामन्यातला विजयी गोल भेकेच्या डोक्याचा. शहराच्या नावाने खेळणाऱ्या संघात शहराचे खेळाडू मोजकेच असताना असा माणूस करार संपला म्हणून बंगळुरूला जातो, हे चाहत्याला पटत नाही. ते पटावे अशी अपेक्षा ठेवणेही चूकच.

आकडे कोणाच्या बाजूने?

बहुतांशी चाहत्यांच्या. मुंबईने साखळीत २०२२-२३ मध्ये २० सामन्यांत ५४ गोल केले. २०२३-२४ मध्ये २२ सामन्यांत ४२. यंदा २४ सामन्यांत २९. म्हणजे सामने वाढत गेले आणि गोल घटत गेले. सरासरी काढली तर प्रति सामना २.७ वरून १.९ आणि तिथून १.२. दोन वर्षांत निम्म्याहून खाली. तुलनेसाठी एकच आकडा पुरे : नॉर्थईस्ट युनायटेडच्या अलाएद्दीन अजारेईने यंदा एकट्याने २३ गोल केले.

बचाव मात्र चाहते म्हणतात तितका कोसळलेला नाही. गेल्या वर्षी १९ गोल स्वीकारले होते, यंदा २८. घसरण आहेच, पण सामन्यामागे हे प्रमाण १.२ च्या आतबाहेर आहे. खरा घात केला तो बरोबरींनी. नऊपैकी केवळ दोन बरोबरींचे विजयात रूपांतर झाले असते, तर मुंबईचे ४० गुण होऊन संघ तिसऱ्या स्थानी गेला असता. कारण तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या क्रमांकाच्या संघांचे गुण सारखेच, प्रत्येकी ३८ होते. मग बाद फेरीचा सामना बंगळुरूऐवजी अंधेरीत झाला असता. दोन गोलांची ही किंमत.

आणि ते दोन गोल करणार कोण, हाच प्रश्न होता. ग्रीसचा निकोस कारेलिस मनापासून खेळला. संघाच्या एकूण गोलांपैकी सुमारे एक तृतीयांश त्याचे. पण तो अडला की संघ अडला. २०२२-२३ मध्ये डियाझने ११ आणि लालियान्झुआला छांगटेने १० गोल केले होते, शिवाय बिपिन सिंग आणि स्टुअर्टची जोड होती. प्रतिस्पर्ध्याला एकाला रोखून भागत नव्हते. यंदा भागले.

मग क्लबचे चुकले कुठे?

इथे चाहत्यांच्या युक्तिवादाला एक छेद द्यावा लागतो. २०२४ च्या उन्हाळ्यात करार संपून गेलेले तिघे, म्हणजे डियाझ, नोगुएरा आणि भेके, तेव्हा ३३-३४ वर्षांचे होते. या वयाच्या खेळाडूला दोन-तीन वर्षांचा करार देणे हा जुगार असतो. थकण्याआधी सोडलेला बरा, असा विचार कोणताही व्यवस्थापक करतो. कागदावर त्यात चूक नाही.

चूक दिसते ती पुढच्या पायरीवर. जुने खेळाडू वयामुळे सोडले, तर त्यांच्या जागी तरुण यायला हवे होते. प्रत्यक्षात कारेलिस एप्रिल २०२५ मध्ये ३३ वर्षांचा होता, नेदरलँड्सचा मध्यरक्षक योएल व्हॅन निफ ३१ चा, स्पेनचा जॉन टोरल ३० चा. एफसी गोवाचा कर्णधार राहिलेला मडगावचा ब्रँडन फर्नांडेस मुंबईत आला तो तिशीच्या उंबरठ्यावर. बचावाचा भार वाहणारा तिरीही ३३ चा. संघ तरुण झाला नाही, फक्त अनोळखी झाला. एकमेकांच्या पळण्याची सवय नसलेले तितक्याच वयाचे खेळाडू आले.

आणि जो खरोखर तरुण होता, तोच गेला. लालेंगमाविया राल्टे ऊर्फ अपुइया एप्रिल २०२५ मध्ये २४ वर्षांचा होता. भारतीय मध्यरक्षकांत त्याच्या तोडीचे फार थोडे. मोहन बागानने त्याच्यासाठी ट्रान्सफर शुल्क मोजले. मुंबईच्या तिजोरीत पैसे आले, हे खरे. पण ७ एप्रिलला जमशेदपूरविरुद्ध उपांत्य फेरीच्या परतीच्या लढतीत भरपाई वेळेत लांबून गोल करून मोहन बागानला अंतिम फेरीत नेले ते अपुइयानेच. चौघांपैकी एकालाच थांबवता आले असते, तर तो हाच हवा होता. चाहत्यांच्या तक्रारीतला हा सर्वात बिनतोड मुद्दा आहे.

आणखी एक गोष्ट डाचणारी आहे. मुंबई सिटीची ६५ टक्के मालकी नोव्हेंबर २०१९ पासून सिटी फुटबॉल ग्रुपकडे होती. मँचेस्टर सिटी, जिरोना, न्यूयॉर्क सिटी, मेलबर्न सिटी ही त्याच कुटुंबातली भावंडे. बकिंगहॅम आणि क्राट्की हे दोन्ही प्रशिक्षक मेलबर्नहूनच आले. पण त्याच मेलबर्न सिटीचा, ऑस्ट्रेलियाच्या ए-लीगमध्ये पाच वेळा सर्वाधिक गोल करणारा जेमी मॅक्लारेन २०२४ मध्ये भारतात आला तेव्हा तो उतरला कोलकात्यात. अंतिम सामन्यातला विजयी गोल त्याचाच. घरचा आघाडीपटू शेजाऱ्याकडे जेवायला गेला, असेच म्हणायचे.

विजेत्या संघातले खेळाडू फुकट कसे जातात?

फुटबॉलमध्ये खेळाडूचा करार चालू असेल तर दुसऱ्या क्लबला त्याच्यासाठी शुल्क द्यावे लागते. करार संपला की तो मोकळा. इतकेच नव्हे, ‘फिफा’च्या नियमानुसार कराराचे शेवटचे सहा महिने उरले असताना खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. भारतात, विशेषतः परदेशी खेळाडूंबाबत, एक किंवा दोन वर्षांचे करार सर्रास होतात. त्यामुळे संघ जिंकतो तेव्हाच अर्ध्या संघाचे करार संपत आलेले असतात आणि जिंकल्यामुळे त्यांचा भावही वाढलेला असतो.

त्यात परदेशी खेळाडूंची मर्यादा आहे. एका संघाला सहाच परदेशी नोंदवता येतात आणि मैदानावर एका वेळी चारच. त्यामुळे एका परदेशी खेळाडूची निवड चुकली तर मधल्या काळात ती झाकायला जागा नसते.

आता कोणाला ठेवावे, कोणाला सोडावे?

छांगटेबद्दल दुमत नाही. कर्णधारपदाचा भार आणि जोडीला जुने साथीदार नाहीत, यामुळे त्याच्या कामगिरीत चढउतार दिसले. पण २७ व्या वर्षी असा विंगर भारतात दुसरा शोधायला निघालात तर हात हलवत परत याल. गोलरक्षक फुर्बा लाचेंपा आणि बचावपटू मेहताब सिंग हा त्या हंगामातला पाठीचा कणा. त्यांचे करार लांबवावेत, ही मागणी योग्यच होती.

व्हॅन निफवर चाहत्यांचे एकमत नाही. चेंडू पायात असताना तो राजा, पण पाठलागात कमी पडतो, असा एक सूर. मात्र त्याच्या शेजारी अपुइयासारखा धावणारा असता तर ही तक्रार निघालीच नसती. टोरलकडून अधिक अपेक्षा होत्या, हे त्याचे समर्थकही मान्य करतील. कारेलिसला ठेवावे, पण त्याच्यावर संघ उभा करू नये. पंचविशीच्या आतबाहेरचा आणखी एक आघाडीपटू ही पहिली खरेदी असायला हवी. क्राट्की यांना हटवा, हा सूर तेव्हा मोठा होता, पण अर्धा संघ बदलून दिल्यावर सगळा दोष प्रशिक्षकाच्या माथी मारणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. २०२३-२४ मध्ये याच प्रशिक्षकाने शेवटच्या दिवसापर्यंत शील्डची शर्यत नेली होती. मोहन बागान ४८ गुण, मुंबई ४७.

पुढे काय?

लगेचची संधी सुपर चषकाची होती. ही स्पर्धा २० एप्रिल २०२५ पासून भुवनेश्वरमध्ये सुरू झाली. विजेत्याला एएफसी चॅम्पियन्स लीग टूच्या पात्रता फेरीत स्थान मिळणार असल्याने मुंबईला आशियाई स्पर्धेत परतण्याचा हा एकच रस्ता उरला होता.

मात्र उन्हाळ्यातील संघबांधणीवर एक मोठे सावट होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि तेव्हा आयएसएलचे संचालन करणारी ‘एफएसडीएल’ यांच्यातील १५ वर्षांचा मूळ करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. हंगाम संपला तेव्हा नव्या कराराचे स्वरूप ठरलेले नव्हते. लीग कोणत्या रूपात, किती सामन्यांची आणि किती पैशांची असेल हेच स्पष्ट नसताना खेळाडूंना तीन-तीन वर्षांचे करार देण्यास कोणताही क्लब कचरणार होता. चाहत्यांना हवे होते लांब पल्ल्याचे करार. बाजार मात्र आखूड करारांकडे ढकलत होता. मुंबई सिटीचा पहिला निर्णय यातल्या कोणत्या बाजूने पडतो, हे छांगटेच्या करारावरून कळणार होते.