‘डॉक्टर’ कोणास म्हणावे?

आमच्या एका सहकाऱ्यांना पीएच.डी. मिळाली आणि दारावर ‘डॉ.’ अशी पाटी लागली. पंधरवड्याच्या आत एक अनोळखी गृहस्थ तापाने फणफणलेले मूल घेऊन मध्यरात्री त्या दारी उभे राहिले. सहकाऱ्यांचा प्रबंध होता साखर कारखान्यांच्या भांडवलउभारणीवर! त्यांनी धावपळ करून मूल दवाखान्यात पोहोचविले. पण मोलाचा अर्धा तास वाया गेलाच.

यात त्यांनी परकी उपाधी बळकावली होती काय? मुळीच नाही. ‘डॉक्टर’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थच शिकविणारा असा आहे. उलट, एम.बी.बी.एस. ही नावाप्रमाणे ‘बॅचलर’चीच पदवी होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२३ साली लंडनची डी.एस्सी. आणि १९२७ साली कोलंबियाची पीएच.डी. मिळाली, ती अर्थशास्त्रातील प्रबंधांवर. त्यांच्या नावामागील ‘डॉ.’विषयी कोण शंका घेईल?

तेव्हा प्रश्न हक्काचा नसून औचित्याचा आहे. विद्यापीठात, परिषदेत, ग्रंथावर ही उपाधी अवश्य लावावी. विद्यार्थ्यांनीही आदराने उच्चारावी. परंतु जेथे त्या एका शब्दावर विसंबून कोणी आपला जीव हवाली करील, तेथे विषय स्पष्ट करावा किंवा उपाधी मागे ठेवावी.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. तेव्हा द्राक्षे आंबट असे कोणी म्हणेलही. त्या सहकाऱ्यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी पाटीवर ‘अर्थशास्त्र’ हा शब्द रंगवून घेतला. विद्वत्तेला त्याने उणेपणा आला नाही.