नागपूरहून ब्रनोला : साम्यवादानंतरच्या न्यायाचा अभ्यास

कायद्याच्या शिक्षणासाठी परदेशी जायचे म्हणजे लंडनला जायचे, हा नागपूरचा जुना शिरस्ता. न्या. व्हिव्हियन बोस केंब्रिज आणि मिडल टेम्पल करून आले. मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी मोहम्मद हिदायतुल्ला केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आणि लिंकन्स इनमध्ये शिकले. पुढे ते नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि १९६८ साली देशाचे सरन्यायाधीश. कायदाच इंग्रजी वळणाचा असल्यामुळे तो मुळाशी जाऊन शिकण्यात अर्थ होता. आज नागपुरात १९२५ पासूनचे विद्यापीठाचे विधी महाविद्यालय आहे, २०१६ पासून महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. तरी एलएलएमसाठी बाहेर पडणाऱ्यांची नजर अजून लंडन, अमेरिका, फार तर सिंगापूरकडेच जाते. १९८९ पर्यंत जिथे पक्षाचा शब्द हाच कोर्टाचा निकाल होता, त्या मध्य युरोपातल्या देशांचा विचार फारसा होत नाही. तो व्हायला हवा. स्वतंत्र न्यायालय असलेले देश पुष्कळ आहेत. पण गुलाम न्यायालयाचे स्वतंत्र न्यायालय कसे करायचे, हा प्रश्न एका पिढीच्या डोळ्यांदेखत सोडवावा लागलेले देश थोडे.

त्यात नागपूरकराला सगळ्यात जवळचे वाटावे असे गाव म्हणजे चेक प्रजासत्ताकातले ब्रनो. वाटाण्यांवर प्रयोग करणाऱ्या मेंडेलचा मठ इथलाच. वस्ती चार लाखांच्या आसपास, म्हणजे नागपूरपेक्षा बरीच कमी. राजधानी प्राग, पण घटना न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय आणि सर्वोच्च सरकारी अभियोक्त्याचे कार्यालय या चारही संस्था ब्रनोत आहेत. पहिल्या महायुद्धानंतरच्या प्रजासत्ताकातही सर्वोच्च न्यायालय इथेच होते. मंत्रालये एका शहरात आणि न्यायाधीश दुसऱ्या शहरात, ही व्यवस्था नव्या राज्यकर्त्यांनी जाणूनबुजून पुन्हा स्वीकारली. १९३६ साली स्वतःचे हायकोर्ट मिळालेल्या, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते जबलपूरला गेलेले पाहिलेल्या आणि तेव्हापासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ जपणाऱ्या शहराला कोर्ट कुठे बसते याचे मोल वेगळे सांगायला नको.

ब्रनोच्या मासारिक विद्यापीठाचा विधी विभाग हाच अभ्यासाचा पहिला धडा ठरावा. १९१९ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ. नाझींनी १९३९ मध्ये चेक विद्यापीठे बंद केली आणि विधी विभागाच्या इमारतीत गेस्टापोचे कार्यालय थाटले. युद्ध संपले, विभाग उघडला आणि १९५० मध्ये साम्यवादी सरकारने तो पुन्हा बंद केला. नंतर उघडायला १९६९ उजाडले. मधल्या काळात देशाला वकील, न्यायाधीश लागत नव्हते असे नाही. नव्या सत्तेला जुन्या पद्धतीने शिकलेले कायदेपंडित नको होते. त्यांच्या जागी कारखान्यांतून निवडलेल्या विश्वासू कामगारांना थोड्या मुदतीचे वर्ग चालवून न्यायाधीश आणि सरकारी वकील केले गेले. कामगाराचे मूल न्यायासनावर बसावे यात वावगे काहीच नाही. पण इथे निवड झाली ती आज्ञाधारकपणा पाहून, आणि त्याची किंमत माणसांच्या जिवाने चुकती झाली.

मिलादा होराकोवा यांचा खटला हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. त्या स्वतः कायद्याच्या पदवीधर, स्त्रियांच्या हक्कांसाठी काम केलेल्या, युद्धकाळात नाझींच्या तुरुंगात राहिलेल्या. साम्यवाद्यांनी फेब्रुवारी १९४८ मध्ये सत्ता घेतल्यावर त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांना अटक झाली. ३१ मे ते ८ जून १९५० या काळात त्यांच्यासह तेरा जणांवर देशद्रोहाचा खटला चालला. खटला म्हणण्यापेक्षा तालीम केलेले नाटकच ते. सोव्हिएत सल्लागारांच्या मदतीने प्रश्नोत्तरे आधीच लिहून ठेवलेली, आरोपींकडून पाठ करून घेतलेली. रेडिओवरून त्याचे प्रक्षेपण. कारखान्याकारखान्यांतून फाशीची मागणी करणारे ठराव कोर्टात येऊन पडत होते. होराकोवा यांनी मधूनमधून संहिता सोडून स्वतःची उत्तरे दिली, तरी निकाल ठरलेलाच होता. आइनस्टाइन आणि चर्चिल यांच्या विनंत्याही व्यर्थ गेल्या. २७ जून १९५० रोजी प्रागच्या पांक्रात्स तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यांच्याबरोबर आणखी तिघांनाही फाशीचीच शिक्षा होती.

सरकारी पक्षाच्या बाकावर लुदमिला ब्रोझोवा नावाची एकोणतीस वर्षांची तरुणी बसली होती. तिचे कायद्याचे शिक्षण कामगारांसाठीच्या त्या झटपट वर्गातले. राजवट गेल्यावर, २००७ साली, न्यायालयाने तिला न्यायाच्या नावाखाली झालेल्या खुनात साहाय्य केल्याबद्दल दोषी धरले. शिक्षा आधी आठ वर्षांची झाली, वरच्या न्यायालयांतील फेऱ्यांनंतर २००८ मध्ये ती सहा वर्षांवर आली. मार्च २००९ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, ही वृद्धा तुरुंगात गेली. पुढच्या वर्षी डिसेंबरात राष्ट्राध्यक्षांनी तिला माफी दिली. इतक्या उतारवयात, साठ वर्षांनी, शिक्षा देण्यात काय अर्थ, असे कुणालाही वाटेल. पण कोर्टाचा झगा अंगावर होता म्हणून खून हा खून राहत नाही का, या प्रश्नाला कुठेतरी उत्तर द्यावे लागतेच, आणि चेक न्यायालयाने ते दिले.

हे उत्तर देता आले ते आधी झालेल्या एका कायद्यामुळे. जुने गुन्हे इतके जुने होते की खटल्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती. मध्य युरोपातल्या देशांनी या एकाच अडचणीतून वेगवेगळ्या वाटा काढल्या. हंगेरीच्या संसदेने १९५६ च्या उठावातल्या हत्यांसारखे गुन्हे पुन्हा कोर्टात नेता यावेत म्हणून कायदा केला. तिथल्या घटना न्यायालयाने मार्च १९९२ मध्ये तो रद्द केला. संपलेली मुदत मागाहून जिवंत करणे हे कायद्याच्या राज्याला धरून नाही, मागच्या राजवटीवर रागावूनसुद्धा हा नियम मोडता येणार नाही, अशी त्याची भूमिका होती. चेक संसदेने १९९३ साली उलट मार्ग घेतला. फेब्रुवारी १९४८ ते डिसेंबर १९८९ या काळात जे गुन्हे राजकीय कारणांमुळे कोर्टापुढे आलेच नाहीत, त्यांच्या बाबतीत तो काळ मुदतीत मोजायचा नाही, असे तिने ठरवले. ब्रनोच्या घटना न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात हा कायदा उचलून धरला. राज्यच गुन्हेगाराला पाठीशी घालत होते, तर मुदतीचे घड्याळ चालू होते असे म्हणता येत नाही, असा त्याचा तर्क. जर्मनीत प्रश्न आणखी टोकदार झाला. बर्लिनची भिंत ओलांडू पाहणारा विशीतला ख्रिस गेफ्रॉय फेब्रुवारी १९८९ मध्ये सीमारक्षकाच्या गोळीने मेला. एकीकरणानंतर त्या रक्षकावर खटला चालला. पूर्व जर्मनीचा कायदा गोळीबाराला परवानगी देत होता, हा बचाव कोर्टाने मानला नाही. शिक्षा मात्र अखेर दोन वर्षांची आणि तीही स्थगित ठेवलेली अशी झाली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००१ मध्ये वरच्या नेत्यांच्या शिक्षा कायम ठेवल्या.

भारतीय राज्यघटनेच्या कलम २० मध्ये स्पष्ट म्हटले आहे की कृत्य घडले तेव्हा जो गुन्हा नव्हता, त्यासाठी शिक्षा नाही. परीक्षेत चार ओळींत संपणारे हे कलम हंगेरी, चेक आणि जर्मनीचे निकाल शेजारी ठेवून वाचले की त्याचे खरे वजन कळते.

जुन्या शिक्षांचे काय करायचे, हा त्यामानाने सोपा भाग. १९९० च्या कायद्याने राजकीय कलमांखालच्या असंख्य शिक्षा एकदम रद्दबातल ठरल्या. इथे भारतीय वाचकाच्या ओळखीचे एक नाव भेटते. ज्या बाटाच्या चपला आपल्याकडे घरोघरी पोहोचल्या, ती कंपनी ब्रनोजवळच्या झ्लिन गावची. तिचे प्रमुख यान अँतोनिन बाटा यांना साम्यवादी सत्तेच्या आधीच, १९४७ मध्ये, गैरहजेरीत शिक्षा झाली होती. ती पुसली जायला २००७ साल उजाडले.

जुन्या न्यायाधीशांचे काय, हे मात्र अवघड. सगळ्यांना घरी पाठवावे तर कोर्टे चालवायची कुणी? १९९१ च्या ‘लुस्ट्रेशन’ कायद्याने गुप्त पोलिसांचे हस्तक आणि पक्षाचे वरचे पदाधिकारी यांना राज्याच्या महत्त्वाच्या पदांपासून दूर ठेवले. केवळ पक्षाचे सदस्य असलेले न्यायाधीश मात्र बहुतेक जागच्या जागी राहिले. कोण कोण सदस्य होते, हे नागरिकांना कळले पाहिजे, असे घटना न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले आणि यादी जाहीर झाली. सरन्यायाधीशांचे कार्यालय माहिती अधिकाराच्या कक्षेत येते, हा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे.

नागपूरच्या विद्यार्थ्याने तुलनेसाठी घरची एक गोष्ट पक्की माहीत करून निघावे. आणीबाणीत ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली डांबलेल्यांचे अर्ज ऐकून घेता येतात, असे म्हणणाऱ्या उच्च न्यायालयांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एडीएम जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक मतांनी ही दारे बंद केली, एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जगण्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही असे झाले, आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात जबलपूरचा निकाल औपचारिकपणे मोडीत निघाला. लोकशाहीतले न्यायालयसुद्धा भीतीच्या दिवसांत वाकते, हे ठाऊक असलेला विद्यार्थी चेक न्यायाधीशांकडे तुच्छतेने पाहणार नाही, आणि त्याचे प्रश्नही अधिक खोल असतील.

संसदेलाही बदलता येत नाही अशी, १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यातली ‘मूलभूत चौकट’ही ब्रनोत वेगळ्या वेषात भेटते. चेक घटनेच्या कलम ९ नुसार लोकशाही राज्याची गाभ्याची तत्त्वे बदलता येत नाहीत. २००९ मध्ये संसदेने खास घटनात्मक कायदा करून स्वतःची मुदत आटोपती घेतली आणि मुदतपूर्व निवडणूक ठरवली. मिलोश मेल्चाक या खासदाराने आव्हान दिले, आणि १० सप्टेंबर २००९ रोजी न्यायालयाने तो घटनात्मक कायदाच रद्द केला. निवडणूक पुढच्या वर्षी मे महिन्यात झाली. १९७३ च्या निकालाचा हा दूरचा भाऊबंद म्हणायला हरकत नाही.

चेकमध्ये न्यायाधीशांची परिषद नाही; कोर्टांच्या कारभारात न्याय मंत्रालयाचा हात मोठा आहे. शेजारच्या पोलंडमध्ये अशी परिषद होती, पण २०१७ च्या कायद्याने तिच्यातले न्यायाधीश सदस्य संसद निवडू लागली. पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून ६५ वर आणून अनेकांना एका फटक्यात बाहेर काढण्याचा प्रयत्न झाला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने जून २०१९ मध्ये तो बेकायदा ठरवला. न्यायाधीश कुणी नेमायचे, या वादात भारतात राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग १६ ऑक्टोबर २०१५ रोजी रद्द झाला. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याच्या कॉलेजियम पद्धतीवर टीका करणाऱ्याने आणि तिची बाजू घेणाऱ्यानेही पोलंडची ही वर्षे बारकाईने वाचावीत. निवृत्तीचे वय, शिस्तभंगाची चौकशी, कुठला खटला कुणाकडे जातो, अशा रुक्ष वाटणाऱ्या नियमांतच स्वातंत्र्य टिकते किंवा जाते.

प्रत्यक्ष जायचे तर भाषेची तयारी हवी. सार्वजनिक विद्यापीठांत चेक भाषेतून शिकणाऱ्याला, तो कुठल्याही देशाचा असला तरी, शिक्षण शुल्क पडत नाही. इंग्रजी माध्यमाला पैसे मोजावे लागतात. घटना न्यायालयाचे महत्त्वाचे निकाल इंग्रजीत मिळतात, पण तिथे तोंडी सुनावणी क्वचितच होते. खरे कामकाज पाहायचे तर जिल्हा पातळीवरच्या कोर्टात बसावे. तिथे साक्षीदाराला आधी न्यायाधीशच प्रश्न विचारतो, वकिलाची पाळी नंतर येते; नागपूरच्या जिल्हा न्यायालयात उलटतपासणी ऐकून तयार झालेल्या कानांना हे सुरुवातीला चुकल्यासारखे वाटते. न्यायाधीश होण्यासाठी तिथे किमान वय ३० आहे. भारतात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, त्यामागचा विचार काहीसा असाच आहे. लोकपालासारखे काम करणारे ‘नागरी हक्करक्षक’ कार्यालयही ब्रनोतच आहे. ते २००० साली सुरू झाले, आणि पूर्वी राजवटविरोधकांचे वकीलपत्र घेतलेले ओताकार मोतेय्ल त्याचे पहिले प्रमुख होते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या लोकायुक्त कायद्याशी त्याच्या अधिकारांची तुलना हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय होईल.

तिथली पदवी घेतली म्हणून भारतात सनद मिळत नाही. मूळ कायद्याची पदवीच परदेशात घेणाऱ्या भारतीयाला, ते विद्यापीठ मान्यताप्राप्त असले तरी, बार कौन्सिलची पात्रता परीक्षा द्यावी लागते. म्हणून इथली पदवी आधी पुरी करून एलएलएम किंवा संशोधनासाठी जाणे सोयीचे. संशोधकाला तिथे सर्वांत मोठा ठेवा सुरक्षा यंत्रणांच्या अभिलेखागारात मिळतो. त्याचा एक विभाग ब्रनोजवळच्या कानित्से गावात आहे. गुप्त पोलिसांच्या ज्या फायली एकेकाळी माणसाची नोकरी, शिक्षण आणि स्वातंत्र्य हिरावून घेत, त्या आता अर्ज करून वाचायला मिळतात.