लॅटेक्सची गादी घेताय? आधी खोळीची चेन उघडा

मागच्या पावसाळ्याआधीची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एका सूनबाईंनी सासूसाठी गादी घेतली. सासूबाईंची उभी हयात झाडूकामात गेली, आता कंबर धरून बसतात. गादी सहा फूट बाय चार फूट, जाडी सहा इंच, किंमत 26,000 रुपये. पैसे बचत गटातून काढले. महिन्याला 2,000 असे तेरा हप्ते आणि वर व्याज. दुकानदारानं सांगितलं होतं, “शंभर टक्के नॅचरल लॅटेक्स आहे, सर्टिफाइड आहे, ऑर्थोपेडिक आहे.” दोन महिन्यांत गादीला मधोमध खड्डा पडला. “ताई, रबराची गादी अशी बसते का हो?” असं विचारत त्या आमच्याकडे आल्या.

आम्ही त्यांच्या घरी गेलो, चादर काढली आणि खोळीची चेन उघडली. वर एक इंचाचा पांढरा थर होता, त्याला बारीक बारीक भोकं. हात लावला की रबर कळत होतं. त्याच्या खाली पाच इंच साधा फोम. मग आम्ही ती गादी गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याच्या काट्यावर नेली. लोक हसले, पण काट्यानं खरं सांगितलं. वजन भरलं साडेचौदा किलो.

या वजनाचा हिशोब सगळ्यांनी ध्यानात ठेवावा असा आहे. लॅटेक्सचा एक घनफूट तुकडा साधारण पावणेदोन ते सव्वादोन किलो भरतो. सहा बाय चार फूट आणि अर्धा फूट जाडी म्हणजे बारा घनफूट. गादी खरोखर पूर्ण लॅटेक्सची असती, तर चोवीस किलोच्या आसपास भरली असती. दुकानात ‘32 डेन्सिटी’ म्हणून विकतात तो फोम घनफुटाला किलोभरही भरत नाही. पण हा काटा एकाच बाजूनं बोलतो. गादी हलकी भरली तर ती पूर्ण लॅटेक्सची नाही हे नक्की. जड भरली म्हणून लॅटेक्सचीच आहे असं मात्र नाही. फोमचे तुकडे दाबून केलेली बॉन्डेड गादीही चांगली जड असते, आणि लॅटेक्समध्ये खडूसारखी भुकटी मिसळूनही वजन वाढवता येतं.

आपल्याकडे कुठल्याही मऊ गादीला ‘डनलॉप’ म्हणायची सवय आहे. ते नाव खरं तर लॅटेक्सचंच. इंग्लंडच्या डनलॉप रबर कंपनीत 1929 साली रबराचा चीक अंड्यासारखा फेटून, त्याचा फेस साच्यात ओतून वाफेवर पक्का करायची रीत निघाली. आजही बऱ्याच लॅटेक्स गाद्या त्याच रीतीनं होतात. ‘टॅलाले’ नावाची दुसरी रीत आहे. तिच्यात साच्यातली हवा ओढून घेतात, फेस गोठवतात आणि मग पक्का करतात. ती गादी जरा मऊ आणि महाग. आरोग्याच्या दृष्टीनं दोन्हींत फारसा फरक नाही, त्यामुळे या नावांवर दुकानदार जादा पैसे मागत असेल तर आपण त्यात अडकू नये.

हा चीक येतो रबराच्या झाडातून. आपल्या देशात मुख्यतः केरळात. आपल्या जवळ पाहायचं तर गोव्यात आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या बाजूलाही रबराच्या बागा आहेत. झाड सहा-सात वर्षांचं झालं की सालीला तिरकी चीर देतात आणि खाली वाटी बांधतात. कामगार पहाटे अंधारात जातात, कारण उन्हं चढली की चीक लवकर थांबतो. त्या चिकात रबर असतं साधारण तीस ते चाळीस टक्के, बाकी बहुतेक पाणी. तो नासू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात. गादी करताना गंधक आणि झिंक ऑक्साइड लागतंच, नाहीतर फेस टिकणार नाही. म्हणून ‘शंभर टक्के’ हा आकडा ऐकला की आम्हाला पहिली शंका येते. चांगल्या नैसर्गिक लॅटेक्समध्येही थोडे टक्के दुसरे पदार्थ असतात आणि त्यात लबाडी नाही. लबाडी वेगळीच असते. पेट्रोलियमपासून केलेलं कृत्रिम लॅटेक्सही बाजारात आहे. ते नैसर्गिकात मिसळतात आणि गादीला ‘लॅटेक्स’ म्हणतात. शब्द खोटा नाही, पण पैसे नैसर्गिकाचे घेतले जातात. हे मिश्रण नुसत्या डोळ्यांना कळत नाही. काही दुकानदार तुकडा जाळून दाखवतात. तो खेळ घरात करू नका. फोमचा धूर विषारी असतो, आणि आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत तो जाणार कुठे?

डोळ्यांना कळत नाही म्हणूनच प्रमाणपत्रं निघाली. सूनबाईंच्या गादीवर ‘ओको-टेक्स स्टँडर्ड 100’ असं लेबल होतं. लेबल खोटं असेल असं आम्हाला वाटलं होतं. तसं नव्हतं. ते शिवलेलं होतं खोळीवर आणि होतंही फक्त खोळीच्या कापडाचं. आतल्या फोमशी त्याचा काही संबंध नव्हता.

कुठलंही प्रमाणपत्र एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देतं, तेही एका ठरावीक वस्तूबद्दल. ओको-टेक्सचं हे लेबल 1992 पासून आहे. वस्तूत अंगाला अपाय करणारी रसायनं ठरलेल्या मर्यादेच्या आत आहेत का, एवढंच ते सांगतं. त्याचा पहिला वर्ग तान्ह्या बाळांच्या वस्तूंसाठी असतो, तो सगळ्यात कडक. पण माल नैसर्गिक की कृत्रिम, हे ते सांगतच नाही. कृत्रिम लॅटेक्सलाही ते मिळू शकतं. जर्मनीतल्या कोलोनच्या इको-इन्स्टिट्यूटचं लेबलही याच जातीचं. ते खोलीच्या हवेत गादीतून काय सुटतं हेही तपासतात. चीक झाडाचाच आणि सेंद्रिय बागेतलाच आहे का, या प्रश्नाचं उत्तर देतं ‘ग्लोबल ऑरगॅनिक लॅटेक्स स्टँडर्ड’. लेबलवर जी, ओ, एल, एस अशी चार इंग्रजी अक्षरं असतात. त्यासाठी कच्चा माल किमान 95 टक्के प्रमाणित सेंद्रिय लागतो. खोळीच्या सुती कापडासाठी असंच जी-ओ-टी-एस असतं, ते कापडाचं, गादीच्या पोटाचं नाही. ‘सर्टिपूर’ हे लेबल तर फक्त फोमसाठीच आहे. ‘प्युअर लॅटेक्स’ म्हणून दाखवलेल्या गादीवर ते दिसलं, तर आत फोम आहे हे गादीनं आपल्याच तोंडानं कबूल केलं समजा.

दुकानात भिंतीवर आयएसओ 9001ची चौकट लावलेली असते. ती कारखान्याच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल असते, गादीबद्दल नाही. आणि ‘ऑर्थोपेडिक’ हे प्रमाणपत्र नाहीच, तो विकण्यासाठी लावलेला शब्द आहे.

लेबलवर नंबर असतो. ओको-टेक्सच्या वेबसाइटवर तो टाकला की कंपनीचं नाव, वस्तूचं वर्णन आणि मुदत दिसते. हे प्रमाणपत्र दर वर्षी नवं करावं लागतं. घरातल्या कॉलेजच्या पोरीला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. आयएसआय मार्क असेल तर त्याच्या खालचा परवाना नंबर ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासता येतो. दुकानदार लॅमिनेट केलेला कागद दाखवत असेल, तर त्यावर वस्तू कोणती लिहिली आहे ते आधी वाचा. ‘लॅटेक्स शीट’ लिहिलं असेल तर ते कच्चा माल पुरवणाऱ्याचं आहे. तीच शीट तुमच्या गादीत आहे, आणि पूर्ण जाडीत आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आता नर्स म्हणून थोडं बोलतो. सासूबाईंच्या कमरेला लॅटेक्स हवंच होतं का? नाही. कंबर दुखली की फळीवर झोपा, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जायचा. स्पेनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या 313 रुग्णांवर झालेला अभ्यास 2003 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. प्रश्न कडकपणाचा होता. अशी मध्यम गादी कापसाची, काथ्याची, फोमची किंवा लॅटेक्सची, कशाचीही असू शकते. नीट पिंजून भरलेली कापसाची गादी हे काम करते, आणि बसली तर पुन्हा पिंजून घेता येते. लॅटेक्स टिकाऊ आहे, चांगलं आहे, पण त्यासाठी कर्ज काढावं एवढं मोठं औषध ते नाही.

आणि कंबरदुखी रात्री वाढत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, वजन उतरत असेल, तर गादीच्या दुकानात जाऊ नका, सरकारी दवाखान्यात जा. मणक्याचा टीबी असाच सुरू होतो. तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे. पायांतली ताकद गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी जा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल आणखी एक. कुठल्याही भारी गादीनं कूस बदलण्याची गरज संपत नाही, दर दोन तासांनी वळवावंच लागतं.

वॉर्डात काम करताना रबरी हातमोज्यांनी हात सुजलेल्या सिस्टर आम्ही पाहिल्या आहेत. लॅटेक्सची ॲलर्जी खरी असते, काहींना तर त्यातून दम लागतो. फुगा फुगवताना ओठ सुजणं, हातमोजे घातल्यावर गांधी उठणं, केळं किंवा पपई खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटणं, असं घरात कोणाला होत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गादी करताना लॅटेक्स धुतात, त्यामुळे त्रास देणारी प्रथिनं बरीच कमी होतात, पण ज्याला मोठी ॲलर्जी आहे त्यानं अंदाजावर राहू नये.

लॅटेक्सला ढेकूण होत नाहीत, असंही सांगतात. ढेकूण रबरात शिरत नसतील, पण शिवणीत, खोळीत आणि पलंगाच्या सांध्यात मजेत राहतात. धुळीतल्या बारीक किड्यांचंही तसंच. दमेकरी माणूस असेल तर खोळ आणि चादर गरम पाण्यात धुणं जास्त कामाचं. आपली कापसाची गादी आपण पत्र्यावर उन्हात टाकतो. लॅटेक्सला ते चालत नाही. उन्हानं रबर पिवळं पडतं, कडक होतं आणि मग भुगा सुटतो. सावलीत, वाऱ्यावर उभी करा. थेट फरशीवर तर अंथरूच नका, खालून ओल धरते आणि बुरशी येते. पावसाळ्यात ज्या घरात पाणी शिरतं, तिथे ही गादी घेण्याआधी दहादा विचार करा. भिजलेलं लॅटेक्स उचलायला चार माणसं लागतात आणि ते आठ-आठ दिवस वाळत नाही.

सूनबाईंच्या गादीचं पुढे काय झालं? बिलावर फक्त ‘मॅट्रेस 1 नग’ लिहिलं होतं. दुकानदार म्हणाला, आम्ही लॅटेक्स टॉप सांगितलं होतं. नशीब असं की त्यानं आधी व्हॉट्सॲपवर ‘100% नॅचरल लॅटेक्स’ असा मेसेज पाठवला होता आणि सूनबाईंनी तो पुसला नव्हता. तो मेसेज, काट्यावरचा फोटो आणि उघडलेल्या चेनचा फोटो घेऊन आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. तिथे मिटलं नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला आहे. वस्तू 5 लाखांपर्यंतची असेल तर अर्जाला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात अर्ज देता येतो. मुदत दोन वर्षांची. हप्ते मात्र चालूच आहेत, यंदाच्या दिवाळीपर्यंत.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा पैसे देण्याआधी बिलावर एवढं लिहून मागा: आतला माल कोणता, नैसर्गिक लॅटेक्स किती टक्के, किती इंच, गादीचं वजन किती, प्रमाणपत्राचा नंबर काय आणि ते पूर्ण गादीचं की खोळीचं. जो लिहून देत नाही, त्याच्याकडे कापसाच्या गादीचा भाव विचारून पुढच्या दुकानात जा.