कोलॅबची नोटबुक क्लाउड बकेटमध्ये कशी ठेवायची? (आणि माझं मे महिन्यातलं काम कसं वाया गेलं)

माझं स्टेशनरीचं दुकान आहे, म्हणजे नोटबुका विकणं हा माझा धंदाच. पण आजची नोटबुक वेगळी. पायथनचा कोड, त्याचं उत्तर आणि आपल्या नोंदी एकाच पानावर ठेवणारी.

आधी माझी फजिती सांगतो. मे महिना म्हणजे आमचा सीझन. शाळा सुरू व्हायच्या आधी वह्यांची ऑर्डर द्यायची होती, म्हणून तीन वर्षांची बिलं गूगल कोलॅबमध्ये घेतली. एकच वही कुठे ‘२०० पानी’, कुठे ‘लाँगबुक २००’, कुठे नुसतं ‘मोठी वही’. दोन रात्री जागून सगळी नावं एकसारखी केली आणि साफ फाइल तयार केली. सकाळी बघतो तर कोड जागेवर, फाइल गायब! त्यातली बरीच नावं मी हातानेच दुरुस्त केली होती, त्यामुळे कोड परत चालवूनही ती फाइल मिळणार नव्हती. शेवटी ऑर्डर अंदाजाने दिली आणि निम्मा माल पडून राहिला. चूक माझीच होती. ‘सेव्ह झालं’ म्हणजे नेमकं काय सेव्ह झालं, हे मी बघितलंच नव्हतं.

असं का होतं?

कोलॅबमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या जागी असतात. नोटबुक, म्हणजे ‘आयपीवायएनबी’ फाइल, आपल्या गूगल ड्राइव्हवर सेव्ह होते. पण कोड चालतो तो गूगलच्या तात्पुरत्या मशीनवर. डावीकडच्या फाइल्सच्या यादीत ‘कंटेंट’ फोल्डरमध्ये जे दिसतं ते या मशीनवरचं. बराच वेळ काही केलं नाही की मशीन काढून घेतली जाते आणि त्या फाइल्सही जातात. भाड्याच्या टेबलावर माल मांडून घरी गेलो, तर सकाळी टेबलही नाही आणि मालही नाही, तसंच.

मग बकेट कशाला? ड्राइव्ह आहे ना?

बरोबर प्रश्न आहे. एकटेच काम करत असाल तर ड्राइव्ह जोडून फाइल तिथे ठेवा, पुरे होतं. पण हिशेब दोघं-तिघं बघत असतील, नोटबुक रोज चालवायची असेल किंवा जुन्या आवृत्त्या हव्या असतील, तर ऑब्जेक्ट स्टोरेज बरं. अ‍ॅमेझॉनचं एस-थ्री २००६ पासून हेच काम करतंय. कोलॅबसोबत मी गूगल क्लाउड स्टोरेज वापरतो.

इथे फाइल म्हणजे सीलबंद पाकीट समजा. आतला एक कागद बदलता येत नाही, पूर्ण पाकीट नवीन ठेवावं लागतं. म्हणून त्याच नावाने परत टाकलं की जुनं गेलं!

कसं करायचं?

१. बकेट बनवा. नाव जगात दुसऱ्या कोणाचं नसलेलं लागतं. ठिकाण मुंबई निवडा.

२. ‘पब्लिक अ‍ॅक्सेस’ बंद ठेवा. गिऱ्हाइकांची माहिती आहे, गंमत नाही.

३. ‘ऑब्जेक्ट व्हर्जनिंग’ चालू करा, म्हणजे जुनं पाकीटही राहतं. पण त्याचंही भाडं लागतं, म्हणून शेवटच्या पाचच आवृत्त्या ठेवायचा नियम लावून टाका.

४. नोटबुकच्या पहिल्या सेलमध्ये गूगल लॉगिन, शेवटच्या सेलमध्ये साफ फाइल बकेटमध्ये कॉपी करायची कमांड. फाइलच्या नावात तारीख घाला. कमांड व्हिडिओत टाइप करून दाखवली आहे.

५. नोटबुकची फाइलही पाठवायची असेल तर ड्राइव्ह जोडून ‘कोलॅब नोटबुक्स’ फोल्डरमधून कॉपी करा. आधी कंट्रोल-एस दाबा, नाहीतर मागचीच प्रत जाईल.

६. आता खरी परीक्षा. मशीन स्वतः बंद करा, नवीन सुरू करा आणि फाइल बकेटमधून वाचा. ओळींची संख्या जुळली तरच ‘सेव्ह झालं’ म्हणा.

या दोन चुका करू नका

नोटबुकच्या फाइलमध्ये कोडबरोबर आउटपुटही सेव्ह होतं. तुम्ही सहज गिऱ्हाइकांची यादी छापून बघितली असेल तर मोबाइल नंबर फाइलसोबत जातात. कोणाला देण्याआधी एडिट मेनूतून सगळे आउटपुट पुसा.

दुसरं, पासवर्ड किंवा की कोडमध्ये लिहू नका. कोलॅबच्या डाव्या पट्टीत किल्लीचं चिन्ह आहे, तिथल्या ‘सीक्रेट्स’मध्ये ठेवा.

खर्च?

पैसे तीन गोष्टींचे लागतात: किती जीबी ठेवलं, किती वेळा ठेवलं-काढलं आणि किती डेटा बाहेर नेला. दुकानाच्या बिलांच्या फाइल्स छोट्या असतात, त्यामुळे भार फार पडत नाही. पण एक लक्षात घ्या, दरमहा ५ जीबी मोफतची सोय अमेरिकेतल्या तीन ठरावीक ठिकाणांनाच आहे, मुंबईला नाही. बजेट अलर्ट जरूर लावा, पण तो फक्त सांगतो, खर्च थांबवत नाही.

आज एकच काम करा. तुमची सगळ्यात महत्त्वाची नोटबुक उघडा आणि स्वतःला विचारा, आत्ता मशीन गेली तर काय काय जाईल? उत्तर देताना छातीत धस्स झालं, तर वरच्या सहा पायऱ्या आजच करा. भेटू पुढच्या व्हिडिओत!