आधी कोणते दार ठोठवावे?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आमचे खेडे मूर्तिजापूर तालुक्यात, म्हणजे अकोला जिल्ह्यात. शिक्षणासाठी मात्र मी अमरावतीस असते.

माझा धाकटा भाऊ आज अकरा वर्षांचा आहे. दीड वर्षाचा झाला तरी तो बसत नव्हता. "पोरगं सावकाश चालन, काळजी करू नोको," असे आयाबाया मायला सांगत. अंगारे झाले, नवस झाले. त्याला मेंदूचा पक्षाघात आहे हे कळले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. व्यायाम लवकर सुरू झाला असता तर पाय इतके आखडले नसते, असे डॉक्टर म्हणाले. माय एवढेच बोलली, "मले कोणी सांगतलंच नाही." तिच्या त्या बोलण्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला.

सोयी नाहीतच असे नाही. परंतु त्या निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेल्या आहेत आणि एक कचेरी दुसरीचा पत्ता सांगतेच असे नाही. म्हणून क्रम ठाऊक असावा लागतो.

पहिले दार गावातच आहे, ते अंगणवाडीचे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार आरोग्य पथकाने अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावयाची असते. मूल मागे पडत असेल तर त्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. उपचार सुरू करण्यासाठी प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसरे दार प्रमाणपत्राचे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते; २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. अर्ज 'स्वावलंबन' या सरकारी संकेतस्थळावर भरावा लागतो. तपासणी अमरावतीस जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे आपल्या इर्विनमध्ये, तर अकोल्यास सर्वोपचार रुग्णालयात होते. अर्ज राहत्या जिल्ह्यात करावा लागतो, हे मला ठाऊक नव्हते. भावाला घेऊन आम्ही अमरावतीस आलो आणि ती खेप फुकट गेली; त्या दिवसाची बाबांची मजुरीही बुडाली.

दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक ठरले, की पुढील वाटा खुल्या होतात. एस.टी. भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. उत्पन्नाच्या अटीत बसल्यास संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते; ग्रामसभेत उभे राहून त्याविषयी विचारता येते.

तिसरे दार शाळेचे. अशा मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या अथवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकाची चौकशी करावी. अंध मुलांसाठी अमरावतीत डॉ. नरेंद्र भिवापूरकर अंध विद्यालय आहे.

चौथी गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. त्याच्या 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. मूल १८ वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. "आमच्यामागे याचं कसं होईन?" या मायच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर येथे आहे.

आपल्याच जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना आसरा आणि स्वतःचे नाव दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कार्यापुढे मान लवते. परंतु ज्या मुलाला आईबाप आहेत, ते आईबाप थकून हरू नयेत, याची काळजी कोणी घ्यावी?

मला वाटते, ती आपणच घ्यावी. माझ्या मायला अर्ज वाचता येत नाही, मला येतो. मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी हीच स्थिती असेल. या सुट्टीत गावी गेल्यावर आपल्या आळीत असे एखादे घर असल्यास तेथे जावे, कागद वाचून दाखवावेत, जमल्यास सोबत जिल्ह्याच्या गावी जावे. माझा भाऊ आता आधाराने उभा राहतो आणि गावच्या शाळेत जातो. शेजारच्या घरातील मूल अजून दोन वर्षांचेही नाही. त्याच्या आईला मी अंगणवाडीत घेऊन गेले आहे.