गिअर कोण टाकणार? तुम्ही की सायकल?

रविवारची सकाळ. सिंहगडाचा चढ सुरू झालाय, पाय भरून आलेत आणि गिअर हलका करायचा राहूनच गेलाय. घाईघाईत लिव्हर दाबली, ‘खटाक्’ आवाज आला आणि चेन खाली! काळ्या बोटांनी चेन चढवणारा असा एखादा गडी वाटेत भेटतोच. आपण हौसेनं एकवीस गिअरची सायकल घेतो, पण गिअर बदलायचा कधी, हे कुणी सांगत नाही. मग सायकल बिचारी वर्षभर एकाच गिअरवर चालते.

आता सायकलच म्हणतेय, ‘राहू दे, मीच टाकते गिअर.’

इलेक्ट्रॉनिक गिअर तसे जुनेच. शिमानो या जपानी कंपनीचे ‘डीआय२’ गिअर २००९ मध्ये आले आणि रेसिंगच्या सायकलींवर चांगलेच रुळले. यात तार ओढायची भानगड नाही. बटण दाबलं की छोटी मोटर चेन बरोब्बर पुढच्या चक्रावर नेऊन ठेवते. २०१५ मध्ये ‘स्रॅम’नं ‘ईटॅप’ आणलं आणि वायरही गेली. पण बटण कधी दाबायचं, हे ठरवत होता सायकल चालवणाराच.

ऑटोमॅटिकमध्ये तेही काम सायकलकडे जातं. चाकाचा वेग किती, मिनिटाला पेडल किती फिरतंय, पायाचा जोर किती पडतोय, अशा गोष्टी सेन्सर मोजत राहतात. पेडल मंदावलं की गिअर हलका, भरभर फिरायला लागलं की जड. शिमानोनं २०२२ मध्ये ई-बाइकसाठी ही सोय आणली, २०२३ मध्ये स्रॅमनंही. चेन फिरत असल्याशिवाय गिअर बदलत नाही, ही डिरेलरची जुनी अडचण. त्यावर ई-बाइकमध्ये भारी तोडगा निघाला. पाय थांबलेले असतानाही मोटरच चेन फिरवते. म्हणजे सिग्नलपाशी सायकल थांबेपर्यंत गिअर हलका झालेला असतो. हिरवा दिवा लागला की निघा, उभं राहून दामटायची गरज नाही.

२०२५ मध्ये शिमानोनं ‘क्यू-ऑटो’ आणलं, तेही बिनमोटरच्या साध्या सायकलसाठी. मागच्या चाकाच्या हबमधला डायनॅमो लागणारी वीज स्वतःच तयार करतो, त्यामुळे चार्जिंगची कटकट नाही. गिअर पटला नाही तर बटण दाबून बदलायचा. तुमची ती आवड सायकल लक्षात ठेवते आणि हळूहळू तुमच्या सवयीप्रमाणे वागायला लागते.

मग यात मजा काय राहिली, असं म्हणणारे आहेतच. पण असे लोक पूर्वीही होते. ‘टूर द फ्रान्स’ सुरू करणारे आंरी देग्रांज यांच्या मते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी! त्यांच्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. आज गिअरशिवाय ती शर्यत कुणी कल्पून तरी बघेल का?

तरी एक गोष्ट उरतेच. सेन्सरला कळतं ते आत्ता पायाखाली काय चाललंय एवढंच. पुढच्या वळणाआड चढ उभा आहे, हे दिसतं तुमच्या डोळ्यांना. चढ लागल्यावर गिअर बदलणं मशीनला जमतं. चढ दिसताच बदलणं हे तुमचं कसब. नवख्याला ऑटोमॅटिकचा आधार जरूर व्हावा. गिअरच्या धास्तीनं कोपऱ्यात धूळ खात पडलेली सायकल त्यामुळे बाहेर निघाली, तर उत्तमच.

पण ती सायकल घरी येईपर्यंत आहे तिच्यावरच दोन गोष्टी करून बघा. चढ लागायच्या आधीच गिअर हलका करा आणि बदलताना क्षणभर पेडलवरचा जोर कमी करा. येत्या रविवारी चेन बहुतेक पडणार नाही. आणि बोटंही काळी होणार नाहीत!