गाडीच्या रंगाला कवच हवं का?

नवी गाडी घरी न्यायचा दिवस. मुहूर्त दसऱ्याचा किंवा पाडव्याचा, हार-नारळ आणलेले, घरातली मंडळी शोरूममध्ये जमलेली. शेवटच्या कागदांवर सह्या होत असताना विक्रेता एक ओळ पुढे करतो : ‘पेंट प्रोटेक्शन पॅकेज’. रक्कम १५ हजारांपासून ४० हजारांपर्यंत काहीही. दहा-बारा लाखांच्या खरेदीत ती लहान वाटते, कर्जात बसते, आणि ‘पाच वर्षं रंगाची काळजी नको’ हे वाक्य त्या गडबडीत पटूनही जातं. नेमकं काय विकत घेतलं, ते किती जाड आहे, कशापासून वाचवतं आणि कशापासून नाही, हे विचारायला तेव्हा सवडही नसते.

उत्तर शोधायचं तर सुरुवात रंगापासूनच करावी लागते. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग गाडीचा सगळा सांगाडा हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक प्रायमर चढवतात. त्यावर रंगाचे थर येतात आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे एक पारदर्शक कठीण थर. हे सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन, आणि त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केसही सहसा या क्लिअर कोटहून जाड असतो. तरीही हा थर मोठं काम करतो. उन्हातले अतिनील किरण शोषणारी द्रव्यं त्यात आधीच मिसळलेली असतात. जुन्या काळी असा थर नसलेल्या गाडीवर पॉलिश घासलं की फडक्याला गाडीचाच रंग लागायचा, आणि काही उन्हाळ्यांत टप-बॉनेट विटून जायचं. आजची गाडी एक चांगलं कवच घालूनच कारखान्यातून बाहेर पडते. कोटिंगचा विचार करताना हे आधी ध्यानात घ्यायला हवं, कारण विकायला आणलेलं कवच या कवचावर चढणार असतं.

हा क्लिअर कोट खराब कशाने होतो? ऊन आणि पाऊस ही उत्तरं लगेच सुचतात. पण मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमधल्या गाड्या बघितल्या तर सगळ्यांत मोठं कारण दुसरंच दिसतं : रोज पहाटेची पुसापुशी. एक बादली, एक फडकं आणि ऑफिसची वेळ होण्याआधी पुसायच्या कितीतरी गाड्या. पहिल्या दोन-तीन गाड्यांनंतर बादलीतलं पाणी मातकट होतं. रात्रभर बसलेली धूळ, शेजारच्या बांधकामाची बारीक वाळू, सिमेंटचे कण हे सगळं त्या फडक्याखाली येतं आणि फडकं पॉलिश पेपरचं काम करू लागतं. उन्हात काळी किंवा गडद निळी गाडी उभी करा; दिव्याभोवती असावी तशी बारीक गोल रेघांची जाळी तिच्या बॉनेटवर दिसेल. यांना स्वर्ल मार्क म्हणतात. दोष गाड्या पुसणाऱ्या माणसाचा नाही. महिन्याला गाडीमागे जे काही शे रुपये त्याला मिळतात, त्यात प्रत्येक गाडीला स्वच्छ पाणी आणि धुतलेलं कापड देणं त्याला शक्यच नसतं. ही व्यवस्थाच रंगाला घातक आहे, आणि कुठल्याही कोटिंगने ती बदलत नाही.

बाजारात मिळणाऱ्या संरक्षणाच्या पायऱ्या आहेत. सगळ्यांत जुनी म्हणजे वॅक्स. त्यातलं नावाजलेलं कार्नौबा वॅक्स ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून काढतात. चमक सुंदर येते, पण आपल्याकडच्या उन्हात आणि पावसात ती काही आठवडे टिकते, फार तर दोन-तीन महिने. त्यापुढची पायरी कृत्रिम सीलंटची. तो वॅक्सपेक्षा जास्त टिकतो आणि फवाऱ्याच्या बाटलीत मिळतो. घरच्या घरी लावता येतो.

टेफ्लॉन कोटिंगचं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं आहे. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई. १९३८ साली अमेरिकेत ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांच्या हाती ते अनपेक्षितपणे लागलं. तव्यावर ते घट्ट बसतं, कारण तिथे ते कडक तापमानाला भाजून बसवलेलं असतं. पीटीएफई वितळायलाच ३२७ अंश सेल्सियस लागतात. गाडीचा रंग एवढी उष्णता सोसूच शकत नाही. तेव्हा गाडीला ‘टेफ्लॉन कोटिंग’ केलं म्हणजे पीटीएफईचे कण मिसळलेलं पॉलिश चोळलं, एवढाच अर्थ घ्यावा. ते सीलंटसारखं काही महिने काम करतं. त्यासाठी सीलंटइतकेच पैसे द्यावेत.

खरी चर्चा आज सिरॅमिक कोटिंगची आहे. हे सिलिकायुक्त द्रव रंगावर हाताने लावतात. हवेतल्या ओलाव्याने ते घट्ट होतं आणि रंगाला चिकटून एक काचेसारखा पातळ थर तयार होतो. चांगल्या प्रतीचं असेल आणि नीट लावलं असेल तर ते दोन-तीन वर्षं काम देतं. पाणी थेंबांनी घरंगळून जातं, चिखल लवकर सुटतो, धुण्याचे कष्ट निम्म्याने कमी झाल्यासारखे वाटतात, आणि रंग खोल, ओलसर दिसतो. हे फायदे खरे आहेत. पण थराची जाडी किती? एक-दोन मायक्रॉन. ४० मायक्रॉनच्या क्लिअर कोटवर एक-दोन मायक्रॉनचा थर. त्यावर खडा आपटला तर टवका उडणारच. शेजारच्या गाडीचं दार लागलं तर पोचा येणारच. कुणी चावीने रेघ ओढली तर ती खालच्या रंगापर्यंत जाणारच.

इथे ‘नाइन एच’ हा शब्द ग्राहकाला फसवतो. जाहिरातीत तो हिऱ्याच्या जवळपासच्या कठीणपणासारखा ऐकू येतो, कारण खनिजांच्या कठीणपणाची मोहस् मोजपट्टी १ ते १० अशी आहे आणि हिरा तिथे १० वर असतो. कोटिंगवरचा नऊ मात्र पेन्सिलचा आहे. रंगाच्या चाचणीत वेगवेगळ्या कठीणपणाच्या शिशाच्या पेन्सिली ठरावीक दाबाने पृष्ठभागावर ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते पाहतात. एचबी आपण शाळेत वापरतो. नाइन एच ही त्या मालिकेतली सर्वांत कठीण पेन्सिल. म्हणजे त्या दाव्याचा अर्थ इतकाच, की पेन्सिलीने ओरखडा पडला नाही. रस्त्यावरच्या धुळीतली वाळू म्हणजे बहुतेक क्वार्ट्झ, आणि मोहस् पट्टीवर तिचा आकडा ७ आहे. शिशाच्या पेन्सिलीशी तिची बरोबरी होऊ शकत नाही. मळक्या फडक्याने पुसलं तर सिरॅमिक केलेल्या गाडीवरही काही महिन्यांत तीच जाळी उमटते.

दुसरी गोष्ट पाण्याची. पुण्यात बाणेर, वाघोली अशा भागांत कितीतरी सोसायट्या टँकरवर आणि बोअरवेलवर चालतात. त्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. कोटिंगमुळे पाणी थेंबाथेंबाने उभं राहतं आणि उन्हात तो थेंब जागच्या जागी वाळला की क्षाराचं गोल पांढरं कडं मागे राहतं. कोटिंग नसलेल्या गाडीवर पाणी पसरतं, डाग फिके पडतात. कोटिंग केलेल्या गाडीवर ते ठळक उठतात. बोअरच्या पाण्याने धुऊन गाडी तशीच वाळू देणाऱ्याने सिरॅमिकवर पैसे घालू नयेत. धुतल्यावर लगेच मायक्रोफायबरच्या कोरड्या कापडाने टिपून घ्यायची सवय असेल तरच त्याचा उपयोग.

पक्ष्यांच्या विष्ठेचं आणि झाडांच्या चिकाचंही तसंच. मोहराच्या दिवसांत आंब्याखाली लावलेली गाडी सकाळी चिकट झालेली असते. तो गोड चिकटा मोहरावरच्या तुडतुड्यांनी सोडलेला असतो, आणि पुढे त्यावर काळी बुरशी चढते. कबुतरांची विष्ठा उन्हात वाळली की तिच्याखालचा रंग निस्तेज होतो. कोटिंग अशा वेळी थोडी मुदत देतं. डाग दोन दिवस तसाच ठेवला तर कोटिंगही हरतं.

सिरॅमिकच्या दुकानातले ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो पाहून मन भुलतं. त्यात बराच वाटा कोटिंगच्या आधी केलेल्या मशीन पॉलिशचा असतो. फिरत्या पॅडने क्लिअर कोटचा वरचा पातळ भाग घासून काढला जातो, त्याबरोबर बारीक ओरखडेही जातात आणि रंग आरशासारखा होतो. हे काम कसबी हाताने झालं तर उत्तमच. पण घासून गेलेला क्लिअर कोट परत येत नाही. म्हणून दर दिवाळीला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणारी मंडळी चकाकीसाठी रंगाचं आयुष्यच खर्च करत असतात. हे त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. पाच वर्षं जुनी गाडी पुन्हा ताजी दिसावी एवढीच इच्छा असेल, तर एकदा चांगलं पॉलिश आणि त्यावर साधा सीलंट, एवढ्यावर भागतं.

खड्यांपासून खरोखर वाचवणारी गोष्ट एकच : पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. तिचं मूळ व्हिएतनाम युद्धाच्या काळातलं. हेलिकॉप्टरची पाती धूळ-वाळूने झिजायची, त्यांना वाचवण्यासाठी पॉलियुरेथेनची चिवट फिल्म वापरात आली. आज गाड्यांवर लागते ती पारदर्शक आणि १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षाही जाड. लहान खडा ती झेलते. चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उबेने भरूनही येतात. किंमतही तशीच : पूर्ण गाडीला साधारण ७०-८० हजारांपासून दोन लाखांच्या पुढे. दहा लाखांच्या गाडीला एवढा खर्च समर्थनीय वाटत नाही. पण ज्याचं आठवड्याला द्रुतगती मार्गावरून जाणं-येणं आहे, ज्याच्या पुढे सतत खडी-वाळूचे ट्रक असतात, त्याने पुढचा बंपर, बॉनेट आणि आरसे एवढ्यालाच फिल्म लावावी. खर्च बराच खाली येतो आणि मार बसतो ती जागा झाकली जाते. फिल्म लावताना ती टीपीयूची (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची) आहे की स्वस्त पीव्हीसीची, हे बिलावर लिहून घ्यावं. पीव्हीसी लवकर पिवळी पडते. ती संगणकावर गाडीच्या मापाने कापलेली असावी. गाडीवर लावून ब्लेडने कापणारा कारागीर एका चुकीच्या हाताने रंगच चिरून ठेवतो.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांची गोष्ट वेगळी. तिथे शत्रू आहे खारा वारा, आणि तो सहसा बॉनेटच्या मधोमध हल्ला करत नाही. गंज सुरू होतो गाडीच्या पोटाखाली, दाराच्या खालच्या कडेला, पत्र्याच्या जोडात, टवका उडून उघड्या पडलेल्या जागी. वरून लावलेलं सिरॅमिक तिथे पोचतच नाही. रत्नागिरी-मालवणात राहणाऱ्याने आधी गाडीच्या तळाची गंजरोधक प्रक्रिया करावी, पावसाळ्यानंतर तळ गोड्या पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुवावा, दारांची खालची पाणी निचरायची भोकं मोकळी ठेवावीत, आणि उडालेल्या टवक्याला लगेच टच-अप रंग लावावा. चमक नंतर.

आता हिशेब. एक दार किंवा फेंडर पुन्हा रंगवायला साधारण ४ ते ८ हजार रुपये पडतात. म्हणजे ३० हजारांच्या सिरॅमिकच्या पैशात साधारण चार ते सात पॅनेल रंगवून होतात, आणि पाच वर्षांत बहुतेकांना एवढी वेळ येत नाही. पण दुसरी बाजूही खरी आहे. कारखान्यात क्लिअर कोट साधारण १४० अंशांना भाजला जातो. वर्कशॉपमध्ये तार-प्लास्टिक बसवलेल्या गाडीला ६० अंशांच्या आसपासच तापवता येतं. त्यामुळे मूळ रंगाची सर पुन्हा येत नाही. जुनी गाडी घेणारे व्यापारी रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावतात आणि पुन्हा रंगवलेलं पॅनेल त्यात लगेच कळतं. विम्याचा दावाही उठसूट करू नये. पाच वर्षं दावा न केल्यास नो क्लेम बोनस ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि एका किरकोळ ओरखड्यासाठी तो घालवणं तोट्याचं ठरतं. मूळ रंग जपणं हे शहाणपणच आहे. प्रश्न आहे तो कशाने जपायचा.

बहुतेक कुटुंबांसाठी उत्तर स्वस्त आहे. दोन बादल्या, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. गाडीचा सौम्य शाम्पू, भांड्यांचा साबण नव्हे. मायक्रोफायबरची दोन-तीन कापडं आणि सीलंटची एक बाटली. सगळं दोन-तीन हजारांत येतं. आधी पाण्याच्या धारेने धूळ उतरवायची, मगच हात लावायचा. गाडी पुसणाऱ्या माणसाशी बोलून रोजऐवजी आठवड्यातून दोनदा, पण तुमच्या बादलीत आणि तुमच्या कापडाने, असं ठरवून घ्यावं. पैसे तेवढेच द्यावेत. कोरडी धूळ रोज पुसण्यापेक्षा गाडी चार दिवस धुळीत उभी राहिलेली बरी.

सिरॅमिक कुणी करावं? गाडीचा रंग गडद आहे, ती सात-आठ वर्षं ठेवायची आहे, छपराखाली उभी राहते, आणि मालक स्वतः धुतो किंवा आपल्या देखरेखीखाली धुऊन घेतो, त्याने जरूर करावं. पण शोरूममध्ये नको. बाहेर दोन-तीन दुकानांत भाव काढावा, वापरणार त्या उत्पादनाचं नाव बिलावर लिहून घ्यावं आणि वॉरंटीच्या अटी आधी वाचाव्यात. बहुतेक वॉरंट्या दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाला पैसे देऊन सर्व्हिस करून घेतली तरच टिकतात. ओरखडे आणि पाण्याचे डाग त्यात बहुधा बसत नाहीत. रस्त्यावर उभी राहणारी, टँकरच्या पाण्याने धुतली जाणारी पांढरी किंवा चंदेरी गाडी असेल तर हे पैसे वाचवावेत.

शोरूममध्ये पॅकेज घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही असं कुणी म्हटलं, तर ते मान्य करू नका. एक वस्तू घ्यायची तर दुसरी घ्यावीच लागेल अशी सक्ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार प्रतिबंधक व्यापारी प्रथेत मोडते. ती मागणी लेखी द्यायला सांगा. तरी ऐकलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तक्रार नोंदवा.